वैद्यकाचे पुस्तक कुठे ठेवायचे?

वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नवे पुस्तक आले की त्याला दोन नंबर मिळतात. पहिला नंबर ते कधी आले हे सांगतो, दुसरा ते कशाविषयी आहे हे सांगतो. वाचकाला काम असते ते दुसऱ्याशी. पहिला नंबर पुस्तकाच्या आत, शिक्क्याखाली, निळ्या शाईत पडून राहतो. मराठीत लिहिल्या गेलेल्या वैद्यकाचे पुढे काय झाले, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळतो आहे, आणि त्याचे निम्मे उत्तर या दोन नंबरांत आहे असे माझे मत होत गेले आहे.

मी ग्रंथपाल नाही. पलूसजवळच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. स्टोअरमध्येही प्रत्येक वस्तूला दोन नंबर असतात. माल फाटकातून आत आला की आवक पावतीचा नंबर पडतो. तो एकामागून एक चालत राहतो, आज बेअरिंग, उद्या ग्रीसचा डबा, परवा झाडू. दुसरा नंबर वस्तूच्या जातीचा. त्या जातीच्या नंबरावरून रॅक ठरतो, कप्पा ठरतो, आणि कप्प्यावर बिनकार्ड लटकते. पावतीचा नंबर हिशेबतपासनिसासाठी आणि जातीचा नंबर कामगारासाठी, असे आम्ही नव्या पोरांना शिकवत असू. त्यामुळे काही वर्षांपूर्वी क्षयरोगावरच्या जुन्या पुस्तकांच्या शोधात मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाऊ लागलो, तेव्हा तिथली व्यवस्था मला ओळखीची वाटली.

पार्सल फोडले की आधी मागणीपत्र आणि बिल पडताळतात. पुस्तक उघडून पाने सलग आहेत का ते पाहतात, कारण बांधणीत एखादा फर्मा उलटा लागलेला असतो आणि एकदा शिक्का मारला की पुरवठादार ते परत घेत नाही. मग शिक्का बसतो: मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर, शेवटच्या पानावर, आणि एका गुप्त पानावर. हे गुप्त पान प्रत्येक ग्रंथालयाचे ठरलेले असते. कुणी पहिली-शेवटची पाने फाडून पुस्तक विकले तरी ते कुणाचे हे त्या पानावरून सिद्ध करता येते. त्यानंतर दाखल नोंदवही. तारीख, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, आवृत्ती, प्रकाशक, वर्ष, पाने, पुरवठादार, बिलाचा नंबर, किंमत, वर्गांक, आणि अगदी उजवीकडे शेऱ्याचा अरुंद रकाना. एकाच पुस्तकाच्या दहा प्रती आल्या तर दहा दाखल क्रमांक पडतात. दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्याला दिला जात नाही. पुस्तक हरवो, फाटो, जळो, क्रमांक त्याच्याच नावावर राहतो. जन्म-मृत्यूची नोंद ठेवतात तसेच हे.

नियतकालिकांची रीत वेगळी. सुटा अंक आला की दाखल नोंदवहीत जात नाही. त्याच्या नावाचे कार्ड असते, त्यावर महिन्याच्या चौकटीत खूण होते, आणि अंक तिरक्या फळीच्या मांडणीवर दर्शनी ठेवतात. नवा आला की जुना फळीमागच्या खणात सरकतो. वर्षाचे सगळे अंक जमले की बाइंडरकडे जातात, आणि जाडजूड खंड होऊन आल्यावर त्या खंडाला दाखल क्रमांक मिळतो. एखादा अंक टपालात हरवला तर खंड अडतो. मला दाखवलेल्या कार्डांत काही चौकटी कायमच्या रिकाम्या होत्या.

इथवर सगळे स्टोअरसारखेच. खरी गंमत दुसऱ्या नंबरापासून सुरू होते.

जुन्या काळी ग्रंथालयांत पुस्तकाची जागा ठरलेली असे. तिसरे कपाट, चौथा खण, अकरावे पुस्तक, असा त्याचा पत्ता. कपाट भरले की प्रश्न उभा राही, कारण मध्ये नवे पुस्तक घुसवायला जागा नसे. १८७६ मध्ये मेल्विल ड्युई याने दशांश वर्गीकरण छापले आणि पत्ता कपाटाचा न राहता विषयाचा झाला. पुस्तक कुठल्याही खणात सरकले तरी शेजारी तेच राहतात. ड्युईने वैद्यकाला ६१० हा आकडा दिला. ६११ शरीररचना, ६१२ शरीरक्रिया, ६१३ आरोग्य, ६१५ औषधे, ६१६ रोग, ६१७ शस्त्रक्रिया, ६१८ स्त्रीरोग आणि प्रसूती. सर्वसाधारण वाचनालयाला हे पुरेसे आहे. वैद्यकीय ग्रंथालयाची मात्र यात पंचाईत होते. तिथले जवळजवळ प्रत्येक पुस्तक ६१ नेच सुरू होणार. वेगळेपण दाखवायचे तर दशांशचिन्हानंतर चार-पाच आकडे लिहावे लागतात, आणि बारीक पुस्तकाच्या पाठीवर ते मावत नाहीत. तरी आपल्याकडच्या कितीतरी वैद्यकीय ग्रंथालयांनी ड्युईच ठेवला, कारण ग्रंथपालाला प्रशिक्षणात तोच शिकवलेला असतो.

निव्वळ वैद्यकासाठी अशी जी पद्धत जगभर गेली, ती अमेरिकेच्या लष्करी वैद्यकीय ग्रंथालयातून निघाली. यादवी युद्धानंतर १८६५ च्या सुमारास जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी शल्यवैद्याकडे हे लहानसे ग्रंथालय आले. पुढची वीसेक वर्षे ते वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहाच्या इमारतीत होते. लिंकनला गोळी घातली ते हेच नाट्यगृह. बिलिंग्जने जगभरातून वैद्यकाचे छापील कागद जमवले. १८७९ पासून नव्या लेखांची मासिक सूची काढली, आणि १८८० पासून संपूर्ण संग्रहाची विषयवार सूची छापायला घेतली. तिच्या पहिल्या मालिकेचे १६ खंड व्हायला १८९५ साल उजाडले. सूची इतकी भक्कम होती की कपाटांतल्या मांडणीकडे पुढे कुणी फारसे लक्ष दिले नाही. १९४४ साली तज्ज्ञांनी या ग्रंथालयाची पाहणी केली, तेव्हा नव्या वर्गीकरणाची गरज त्यांनी स्पष्ट मांडली.

मग जे केले ते मला फार शहाणपणाचे वाटते. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या पद्धतीत इंग्रजी अक्षरांनी विषय दाखवतात. त्यात ‘डब्ल्यू’ हे अक्षर मोकळे होते, आणि ‘क्यू’ या विज्ञानाच्या अक्षराखाली ‘क्यूएस’पासून ‘क्यूझेड’पर्यंतच्या जोड्याही मोकळ्या होत्या. एवढी मोकळी जागा वैद्यकाने घेतली. बाकी विषयांना, म्हणजे कायदा, समाजशास्त्र, गणित यांना काँग्रेस ग्रंथालयाचीच अक्षरे ठेवली. मेरी लुईस मार्शल या वैद्यकीय ग्रंथपालबाईंच्या देखरेखीखाली काम झाले. १९४८ मध्ये कच्ची आवृत्ती आली, १९५१ मध्ये पहिली पक्की. १९५६ मध्ये ग्रंथालयाचे नाव राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय झाले.

या पद्धतीत शरीर उघडून समोर ठेवल्यासारखे आहे. ‘डब्ल्यूएफ’ श्वसनसंस्था, ‘डब्ल्यूजी’ हृदय आणि रक्तवाहिन्या, ‘डब्ल्यूआय’ पचनसंस्था, ‘डब्ल्यूएल’ मज्जासंस्था, ‘डब्ल्यूएस’ बालरोग, ‘डब्ल्यूडब्ल्यू’ डोळे, ‘डब्ल्यूवाय’ परिचर्या. फुप्फुसाचा क्षय ‘डब्ल्यूएफ ३००’. नियतकालिकांना रोगानुसार वाटत बसले नाहीत. ती सगळी ‘डब्ल्यू १’ मध्ये घातली आणि आत नावाच्या अक्षरक्रमाने लावली, कारण डॉक्टर नियतकालिक नावानेच मागतो. वैद्यकाचा इतिहास आणि वैद्यांची चरित्रे शेवटी, ‘डब्ल्यूझेड’ मध्ये. १८०१ पूर्वी छापलेली पुस्तकेही तिथेच, मग ती कुठल्या का रोगाची असेनात. म्हणजे एका वयानंतर पुस्तकाचे वैद्यक संपते आणि त्याचा इतिहास होतो, असे ही पद्धत मानते. वर्गांकाखाली लेखकाचा अंक आणि त्याखाली छपाईचे वर्षही लिहितात. एकाच ग्रंथाच्या आवृत्त्या वर्षाच्या क्रमाने शेजारी उभ्या राहतात आणि विद्यार्थ्याचा हात सगळ्यात उजवीकडच्या प्रतीकडे जावा अशी अपेक्षा असते. कादंबरीची जुनी आवृत्ती वाचल्याने कुणाचे काही बिघडत नाही. औषधाच्या मात्रेचे जुने पुस्तक हातात पडले तर बिघडू शकते.

आपल्याकडे रंगनाथन यांनी याच्या आधीच वेगळी वाट काढली होती. मद्रासमध्ये गणित शिकवणारा हा माणूस १९२४ मध्ये विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला. लंडनच्या एका दुकानात मुलांचा मेकॅनो पाहून त्यांना पद्धत सुचली: विषय अखंड धरायचा नाही, त्याच्या पट्ट्या आणि स्क्रू वेगळे ठेवायचे आणि पुस्तक येईल तसे जोडायचे. १९३३ मध्ये त्यांचे द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झाले. ते शिकवताना हटकून एक उदाहरण देतात: एल,४५;४२१:६;२५३:एफ.४४'एन५. ‘एल’ म्हणजे वैद्यक, ४५ फुप्फुसे, ४२१ क्षय, ६ उपचार, २५३ क्ष-किरण, ‘एफ’ संशोधन, ४४ भारत, ‘एन५’ म्हणजे १९५०. फुप्फुसाच्या क्षयावर क्ष-किरणांनी उपचार करण्याविषयी १९५० मध्ये भारतात झालेले संशोधन, एवढे सगळे त्या एका ओळीत.

हे उदाहरण मी प्रथम वाचले तेव्हा वानलेसवाडी आठवली. पलूसहून रेल्वेने गेले तर सांगली सोडल्यावर मिरजेच्या अलीकडे ती लागते. विल्यम वानलेस हे मिशनरी डॉक्टर १८८९ मध्ये इकडे आले, १८९४ मध्ये मिरजेत त्यांनी रुग्णालय उघडले, आणि क्षयाच्या रोग्यांसाठीचे आरोग्यधाम पुढे सांगली-मिरजेच्या मधल्या माळावर झाले. ‘वानलेसवाडीला ठेवलंय’ असे घरात हळू आवाजात बोलले जाई, हे माझ्या पिढीनेही ऐकले आहे. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन येईपर्यंत हवा, विश्रांती, अंडी-दूध, आणि काही रोग्यांत फुप्फुसाभोवती हवा भरून ते मिटवून ठेवणे, एवढाच इलाज होता. त्या इलाजाची पुस्तके ‘डब्ल्यूएफ ३००’ वरच ठेवली जातात. नंबर बदलत नाही, पण त्यांच्या उजवीकडे गोळ्यांच्या उपचाराची पुस्तके येत जातात आणि फळी भरते. मग ग्रंथपालाला डावीकडून काढावे लागते. याला निर्लेखन म्हणतात. दाखल नोंदवहीच्या त्या अरुंद रकान्यात लाल शाईने तारीख आणि ठरावाचा नंबर पडतो, आणि पुस्तक रद्दीत जाते. मी शोधत होतो त्यातली बहुतेक पुस्तके मला त्या रकान्यातच सापडली. ग्रंथपालाला मी दोष देत नाही. कालबाह्य उपचार विद्यार्थ्याच्या हाती न देणे हे त्याचे कर्तव्यच आहे. फक्त एवढे की निर्लेखनाच्या समितीवर डॉक्टर असतात, हिशेबाचा माणूस असतो. इतिहासाचा माणूस कुठे पाहण्यात नाही.

आता मराठीकडे वळतो. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, आणि १८६१ मध्ये तिथे मराठी आणि गुजरातीतून वैद्यक शिकवणारे वर्ग निघाले. शिकवायचे तर पुस्तके हवीत, म्हणून त्या काळात शरीरशास्त्र, औषधी, प्रसूती यांवर मराठीत ग्रंथ झाले. डॉ. सखाराम अर्जुन यांचे नाव आज रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून घेतले जाते. ते त्या कॉलेजात शिकवत आणि मराठीत वैद्यकावर लिहीत. हे ग्रंथ विद्यार्थ्यांसाठी होते, म्हणजे वैद्यकीय ग्रंथालयाच्या फळीसाठी होते. पुढे शिक्षण इंग्रजीतच पक्के झाले आणि मराठी ग्रंथांचा वाचक वर्गाबाहेर गेला. त्यांच्याबरोबर त्यांची फळीही गेली. वैद्यकीय ग्रंथालयात मराठी पुस्तक आजही येते, नाही असे नाही. पण ते कुठे ठेवलेले असते ते जाऊन पाहावे. मी गेलो त्या दोन-तीन ठिकाणी ‘मराठी’ अशी चिठ्ठी लावलेले एक वेगळे कपाट होते. त्यात हृदयविकारावरचे पुस्तक, मराठी शब्दकोश आणि दोन कादंबऱ्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. इंग्रजी पुस्तक विषयाने लागते, मराठी पुस्तक भाषेने. दोन्ही पुस्तकांना एकच वर्गांक देता येतो, त्याला कुठल्याही पद्धतीची आडकाठी नाही. ड्युईत नाही, ‘डब्ल्यू’त नाही, रंगनाथनांकडे तर नाहीच, त्यांनी ‘एलबी’ हे आयुर्वेदाचे स्वतंत्र घर वैद्यकाच्या आतच बांधले होते, तर ड्युईच्या आजच्या तक्त्यात आयुर्वेद उपचारपद्धतींच्या गर्दीत ६१५.५३८ वर बसतो.

र. धों. कर्व्यांचे उदाहरण घ्या. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले, आणि जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. अश्लीलतेचे खटले झाले; १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. कर्वे स्वतः गणिताचे प्राध्यापक होते, डॉक्टर नव्हते. आता हे मासिक कुठे ठेवणार? गर्भनिरोधनाची साधने म्हटली तर ‘डब्ल्यूपी ६३०’, स्त्रीरोगांच्या शेजारी. कुटुंबनियोजन म्हटले की पद्धत हात झटकते आणि समाजशास्त्राच्या ‘एचक्यू’कडे पाठवते. ड्युईकडेही तीच फाळणी: ६१३.९४ आणि ३६३.९६. विषय एकच आहे. शरीर म्हणून पाहिले तर एका मजल्यावर, समाज म्हणून पाहिले तर दुसऱ्या. आणि मराठी ग्रंथालयात ‘समाजस्वास्थ्य’ बहुधा तिसरीकडेच सापडते, जुन्या नियतकालिकांच्या गठ्ठ्यात. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी ते जपले. डॉक्टरांच्या हाताशी ते कधी नव्हतेच.

दुसरे उदाहरण अलीकडचे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने मुले मरत, त्यांची लक्षणे त्यांनी टिपली, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवला. १९८२ आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांचे निष्कर्ष छापले. वैद्यकीय ग्रंथालयात ते ‘डब्ल्यू १’ मध्ये, अक्षरक्रमाने ‘एल’खाली, बांधीव खंडात आहेत. त्याच माणसाचे मराठी आत्मकथन ‘बॅरिस्टरचं कार्टं’ गावोगावच्या वाचनालयांत पोचले आहे आणि ते चरित्र-आत्मचरित्राच्या कपाटात असते. पलूस तालुक्यातल्या वाचनालयांत मी पाहिले आहे ते असे: डॉक्टरांची चरित्रे भरपूर, आणि लोक ती आवडीने नेतात. विंचू चावल्यावर काय करावे याची चार पाने शोधायला गेलो तर ‘संकीर्ण’ असे लिहिलेल्या खणात, लोणच्यांच्या पुस्तकाखाली, आरोग्य खात्याची एक पुस्तिका निघाली. आमच्या गावच्या वाचनालयात डॉक्टर भेटतो, वैद्यक भेटत नाही.

हा मुद्दा विंचवापेक्षा सापाच्या बाबतीत जास्त जाणवतो. कृष्णाकाठ उसाचा. फडात पाणी पाजायला रात्री जावे लागते, कारण वीज रात्री येते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, यांतला कुठला चावला हे कळण्याआधी दवाखाना गाठायचा असतो. सापाचे पुस्तक ड्युईत ५९७.९६ वर, प्राण्यांत. त्याच्या विषाचे ६१५.९४२ वर, औषधांत. ‘डब्ल्यू’च्या पद्धतीत सर्पदंशाला ‘डब्ल्यूडी ४१०’ असे नेमके घर आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार अनुदान घेणाऱ्या गावच्या वाचनालयाला यातले काही करणे अशक्य नाही. ६१३ ते ६१६ एवढे चार आकडे एका खणावर चिकटवले तरी पुरे. पण अनुदानाच्या तपासणीला दाखल नोंदवहीतला शेवटचा क्रमांक पाहतात. कुठले पुस्तक कुठे उभे आहे हे कुणी विचारत नाही, म्हणून ग्रंथपालही पहिल्या नंबरापाशी थांबतो. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या माणसाकडून याहून अधिक मागण्याची मला लाज वाटते.

पहिल्या नंबराची बाजूही मांडली पाहिजे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातली नदीकाठची गावे पाण्यात गेली, सांगली शहर गेले, आणि सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तके भिजली. पाणी शिरते ते खालच्या खणापासून. जड म्हणून बांधीव खंड सगळीकडे तळालाच ठेवतात, त्यामुळे जुनी नियतकालिके आधी बुडतात. चिखलात लगदा झालेल्या पुस्तकाच्या पाठीवरची वर्गांकाची चिठ्ठी सुटून गेलेली असते. तिथे विषयांची सगळी रचना निरुपयोगी. काय होते आणि काय गेले हे सांगणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे दाखल नोंदवही. तीही वरच्या कपाटात ठेवण्याचे कुणाला सुचले असेल तर. मला जमेल तिथे मी जुन्या नोंदवह्यांचे फोटो काढून ठेवतो. एका नोंदवहीत १९३० च्या दशकातली लागोपाठ अनेक पाने देणगीच्या पुस्तकांनी भरलेली आहेत, एकाच तारखेची. एखाद्या डॉक्टरचे निधन झाले असावे आणि घरच्यांनी कपाट रिकामे केले असावे. विषयवार मांडणीत ती पुस्तके पांगली. तो डॉक्टर काय वाचत होता हे फक्त त्या सलग क्रमांकांवरून कळते.

आता मोठ्या ग्रंथालयांत संगणक आला आहे. दाखल क्रमांक बारकोड होऊन पुस्तकाच्या पाठीमागे बसतो, वर्गांक दुसऱ्या ग्रंथालयाच्या सूचीतून आयता उतरवून घेता येतो, आणि शेऱ्याचा रकाना पडद्यावर एका यादीतून निवडायचा असतो: हरवले, फाटले, निर्लेखित. नियतकालिकांचे तर येणेच थांबत चालले आहे. वर्गणी भरली की वर्षभर ती संगणकावर उघडतात. पार्सल नाही, शिक्का नाही, तिरकी फळी रिकामी. मी जातो त्या ग्रंथालयात तिच्यावर आता वर्तमानपत्रे ठेवतात. पुढच्या वर्षी पैसे मंजूर झाले नाहीत तर ती नियतकालिके उघडत नाहीत, आणि ती कधी तिथे वाचली जात होती याची नोंद कुठल्याच वहीत नसते, कारण त्यांना दाखल क्रमांक कधी पडलेलाच नसतो.